फ्रँचायझीचं सुरुवातीचं ट्रेनिंग: करारावर सही करण्याआधीपासून दुकान उघडेपर्यंत

फी भरून एखाद्या कंपनीचं नाव आणि पद्धत वापरत दुकान चालवणं म्हणजे फ्रँचायझी. नव्या फ्रँचायझी मालकांची एक समजूत मला वारंवार भेटते: फी भरली, आता कंपनी धंदा शिकवेल. कंपनी तिची पद्धत शिकवते. माल कसा ठेवायचा, काम कोणत्या क्रमाने करायचं, बिल कसं करायचं, तिचं नाव आणि बोधचिन्ह कसं वापरायचं, एवढं तिच्याकडून मिळतं. माणसं पारखणं, महिनाअखेर खात्यात पैसे कमी पडले तर काय करायचं, जागामालकाशी व्यवहार, परवाने, कर, भागीदाराशी मतभेद हे सगळं मालकाच्याच गळ्यात राहतं. हे आधी माहीत असेल तर ट्रेनिंगच्या दिवसांचं सोनं करता येतं. माहीत नसेल तर माणूस वर्गात बसून येतो आणि दुकान उघडल्यावर पहिल्याच महिन्यात गोंधळतो.

मी स्वतः फ्रँचायझी चालवली आहे आणि नंतर अनेक नव्या मालकांसोबत त्यांच्या पहिल्या आठवड्यात काउंटरमागे उभा राहिलो आहे. खालचा क्रम त्या अनुभवातून आला आहे. ‘दुकान’ हा शब्द सोयीसाठी वापरतो. तुमचं काम क्लासचं, दुरुस्तीचं, सफाईचं किंवा घरपोच सेवेचं असलं तरी पायऱ्या याच आहेत.

१. सही करण्याआधी: ट्रेनिंगचं कलम वाचा

ट्रेनिंगवरून होणारे बहुतेक वाद करारनाम्यातल्या एका परिच्छेदात आधीच ठरून गेलेले असतात. तो परिच्छेद मालकाने भांडण झाल्यावर पहिल्यांदा नीट वाचलेला असतो, एवढंच.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार, सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला एक माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यातल्या ११ व्या बाबीत ट्रेनिंगचा तक्ता असतो. त्यात चार रकाने असतात: विषय, वर्गातले तास, प्रत्यक्ष कामावरचे तास आणि ठिकाण. तुम्ही असाल तिथे असा कायदा असो वा नसो, हाच तक्ता कंपनीकडून लेखी मागून घ्या आणि कराराला परिशिष्ट म्हणून जोडून घ्या. ‘संपूर्ण ट्रेनिंग दिलं जाईल’ या वाक्याला काहीही अर्थ नाही. संपूर्ण म्हणजे किती तास, कुठे आणि कोण शिकवणार, हे लिहिलेलं हवं.

तक्ता हातात आला की आधी प्रत्यक्ष कामाचा रकाना बघा. ते तास वर्गातल्या तासांपेक्षा कमी असतील तर माझ्या मते तिथेच थांबून वाढवून मागावेत. चालू दुकानात चार दिवस जास्त मिळाले तर ते कंपनीला फार महाग पडत नाहीत, आणि सही होण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेण्याची तिची तयारी सगळ्यात जास्त असते.

मग हे प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर घ्या:

– फीमध्ये किती माणसांचं ट्रेनिंग धरलं आहे? पुढच्या प्रत्येक माणसाचा दर काय?
– प्रवास, राहणं, जेवण आणि त्या काळातला तुमच्या माणसांचा पगार कोणाकडे? बहुतेक करारांत हे सगळं मालकाकडे असतं आणि नवे मालक ते खर्चात धरायला विसरतात.
– शेवटच्या परीक्षेत मालक किंवा मॅनेजर नापास झाला तर काय? पुन्हा संधी मिळते की करार रद्द होतो? रद्द झाला तर भरलेल्या फीचं काय?
– मॅनेजर सोडून गेला तर नव्या मॅनेजरचं ट्रेनिंग किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने?
– उद्घाटनाला कंपनीची किती माणसं येणार आणि किती दिवस राहणार?

तपासा: आधीच्या किमान चार मालकांशी बोललात का? त्यातला एक तरी फ्रँचायझी सोडून गेलेला असावा. त्यांना ‘ट्रेनिंग कसं होतं’ असं विचारलंत तर ‘छान होतं’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी ‘पहिल्या महिन्यात असं काय अडलं, जे ट्रेनिंगमध्ये कोणी दाखवलंच नव्हतं?’ असं विचारा. या उत्तरांची यादी जपून ठेवा. चौथ्या पायरीला ती लागणार आहे.

२. तारीख ठरवताना

मी माझं ट्रेनिंग फार लवकर उरकलं. उत्साह होता, कंपनीची बॅच भरत होती, मी होकार दिला. परत आलो तर वीजजोडणी अडकलेली आणि परवान्याचा एक कागद परत आलेला. दुकान उघडायला दहा आठवडे लागले. पहिल्याच दिवशी एका ग्राहकाने माल परत केला आणि बिल रद्द कसं करायचं ते मला आठवेना. ट्रेनिंगमध्ये ते मी दहा वेळा केलं होतं. मागे रांग उभी आणि मी मॅन्युअलची पानं उलटत होतो. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो की ट्रेनिंगची तारीख कंपनीच्या बॅचवरून ठरवू नका. ती तुमच्या उद्घाटनावरून उलट मोजत यायची असते.

ट्रेनिंग संपणं आणि दुकान उघडणं यात दोन ते चार आठवड्यांचं अंतर मला योग्य वाटतं. याहून कमी असेल तर स्टाफला शिकवायला वेळ उरत नाही. जास्त असेल तर हाताची सवय जाते.

म्हणून क्रम असा ठेवा. जागेचा करार, मुख्य परवाने, वीज आणि पाणी, यंत्रसामग्रीची पक्की तारीख, आणि मगच ट्रेनिंग. बॅच आधी असेल तर पुढची मागा. कंपनीने नकार दिला तर निदान चालू दुकानातल्या कामाचा भाग उद्घाटनाच्या जवळ सरकवून घ्या.

इशारा: ट्रेनिंगला गेलेल्या दिवसांत दुकानाचं काम थांबतं किंवा चुकतं. सुतार, इलेक्ट्रिशियन, बोर्ड लावणारा यांच्यावर नजर ठेवायला विश्वासाचा माणूस नेमून जा. वर्गात बसून फोनवर फरशीचा रंग ठरवणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांचं धड ट्रेनिंगही झालं नाही आणि फरशीही चुकली.

३. कोण जाणार

मालकाने स्वतः जायचं. दुकान मॅनेजर चालवणार असला तरीही. ‘मला रोज बसायचंच नाही, तर मी कशाला शिकू?’ हा प्रश्न नेहमी येतो. मॅनेजर एक दिवस नोकरी सोडतो, आणि त्या दिवशी दुकान चालवण्याचं सगळं ज्ञान त्याच्यासोबत दाराबाहेर जातं. तो असेपर्यंतही तो सांगतो ते खरं की सोयीचं, हे मालकाला कळायला काहीच मार्ग नसतो.

दोन जागा असतील तर एक मालकाची आणि दुसरी प्रत्यक्ष कामावर उभं राहणाऱ्या माणसाची. फक्त पैसे घालणाऱ्या भागीदाराला मान म्हणून दुसरी जागा देऊ नका. नवरा-बायको किंवा भावंडं मिळून जात असाल तर आधीच वाटून घ्या: एकाने माल, खरेदी, हिशोब, दुसऱ्याने काउंटर, माणसं, ग्राहक. दोघांनी एकाच बाकावर बसून एकच टिपण काढण्यात अर्धी संधी वाया जाते.

मॅनेजरला नेण्याआधी त्याच्याशी लेखी बोलणं करून ठेवा: पगार कधीपासून, ट्रेनिंगनंतर किमान किती काळ थांबायचं, लवकर सोडलं तर काय. काही ठिकाणी अशा अटींवर कायद्याची बंधनं असतात, म्हणून मसुदा वकिलाला दाखवून घ्या.

४. जाण्याआधीचे दोन आठवडे

कंपनी आधी काही वाचायला किंवा ऑनलाइन पाहायला देते. ते पूर्ण करूनच जा. वर्ग सुरू होतो तो तुम्ही हे वाचलं आहे असं धरून. न वाचता गेलेला माणूस पहिले दोन दिवस शब्दांचे अर्थ विचारण्यात घालवतो.

ग्राहक म्हणून त्याच ब्रँडच्या दोन-तीन दुकानांत जाऊन बसा. एकदा गर्दीच्या वेळी, एकदा शांत वेळी. किती माणसं कामावर आहेत, कोण कुठे उभं आहे, रांग कशाने थांबते, ग्राहक काय विचारतो आणि उत्तर कोण देतं ते टिपा. हे निरीक्षण घेऊन वर्गात बसलात तर ट्रेनरचं प्रत्येक वाक्य कुठे बसतं ते लगेच समजतं.

एक जाड वही घ्या. मोबाइल चालणार नाही, कारण कामावर असताना अनेक ठिकाणी तो बाहेर काढू देत नाहीत. वहीचे तीन भाग करा:

‘कसं करायचं’: कामाच्या पायऱ्या, तुमच्या शब्दांत.
‘बिघडलं तर’: यंत्र बंद, माल आला नाही, माणूस आला नाही, ग्राहक चिडला.
‘उरलेले प्रश्न’: आधीच्या मालकांनी सांगितलेल्या अडचणींची यादी इथे आधीच लिहून ठेवा. उत्तर मिळेल तसा प्रश्न खोडायचा.

सोबत तुमच्या अंदाजपत्रकाचा कागद न्या: भाडं, कर्जाचा हप्ता, ठरवलेली माणसं, अपेक्षित विक्री. सातव्या पायरीला तो उघडायचा आहे.

आणि दिवसभर उभं राहण्याची सवय करा. आतापर्यंत खुर्चीवर काम केलेल्या माणसाचे पाय तिसऱ्या दिवशी बोलायला लागतात आणि मग लक्ष शिकण्यावरून उडतं. चांगले बूट घ्या. आठवडाभर आधीपासून रोज तासभर चाला.

तपासा: ट्रेनिंगच्या दिवसांत तुमच्या आधीच्या नोकरीचं, दुसऱ्या धंद्याचं आणि घरातल्या जबाबदाऱ्यांचं कोण बघणार हे ठरलं आहे का?

५. वर्गातले दिवस

इथे फार काही अवघड नसतं. ब्रँडचे नियम, सुरक्षितता, सॉफ्टवेअर, जाहिरातीच्या अटी, तपासणीत गुण कसे देतात ही ओळख होते. एका गोष्टीकडे मात्र पूर्ण लक्ष द्या: कंपनीचा माणूस अचानक तपासणीला येतो तेव्हा त्याच्या हातात जो कागद असतो, तो कागद. त्यातली प्रत्येक ओळ समजून घ्या, कारण पुढची अनेक वर्षं तुमचं दुकान त्याच कागदावर तोललं जाणार आहे. कोणती चूक समज देऊन सोडतात आणि कोणत्या चुकीसाठी थेट नोटीस येते, हे स्पष्ट विचारा.

पगार, भरती, कामाचे तास या विषयांवर ट्रेनर मोघम बोलतो असं जाणवेल. कर्मचारी तुमचे असतात, कंपनीचे नसतात, आणि त्यांच्याबाबतची कायदेशीर जबाबदारीही तुमचीच. ती अंगावर येऊ नये म्हणून अनेक कंपन्या या विषयांत मुद्दाम अंतर राखतात. हा भाग कामगार कायदा जाणणाऱ्या सल्लागाराकडून वेगळा समजून घ्यावा लागतो.

इशारा: मॅन्युअल कंपनीच्या मालकीचं असतं आणि गोपनीय असतं. पानांचे फोटो काढणं, भावाला पाठवणं, झेरॉक्स करणं हा बहुतेक करारांत भंग ठरतो. काय टिपून घेता येईल हे पहिल्याच दिवशी विचारा.

६. चालू दुकानातल्या शिफ्ट

संपूर्ण ट्रेनिंगचा गाभा इथे आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ वायाही इथेच जातो. कारण साधं आहे. मालक हात मागे बांधून उभा राहतो आणि बघतो. बघून काम समजल्यासारखं वाटतं, हातात मात्र येत नाही.

पहिल्या दिवशी दुकानाच्या मॅनेजरला सांगा, ‘मला नवा कामगार समजा.’ सफाईपासून सुरुवात करा. माल उतरवा, कोठार लावा, काउंटरवर उभे राहा, बिल करा, गल्ला मोजा. प्रत्येक काम निदान तीनदा करा: एकदा शिकवणाऱ्यासोबत, एकदा तो बघत असताना, एकदा तो नसताना. तिसऱ्या वेळी जे अडतं तेच खरं शिकायचं राहिलेलं असतं.

शिफ्ट मागून घ्या. तुम्हाला बहुधा सकाळी दहा ते सहा अशी सोयीची वेळ दिली जाईल. त्या वेळेत दुकान उघडताना दिसत नाही आणि बंद होतानाही दिसत नाही. पुढच्या सहा गोष्टी एकदा तरी घडताना पाहायच्याच:

– दुकान उघडणं, कुलूप काढण्यापासून पहिल्या ग्राहकापर्यंत
– आठवड्यातली सगळ्यात गर्दीची शिफ्ट
– दुकान बंद करणं, गल्ला जुळवणं, दिवसाचा हिशोब पाठवणं
– माल येण्याचा दिवस: मोजणी, खराब माल परत करणं, बिलावर शेरा
– आठवड्याची किंवा महिन्याची स्टॉक मोजणी
– एखादा मंदीचा दिवस, कारण रिकाम्या वेळात चांगला मॅनेजर माणसांना कोणत्या कामाला लावतो हे तेव्हाच दिसतं

बंद करण्याच्या शिफ्टवर थोडं अधिक सांगतो. चोरी, नासाडी आणि हिशोबातली गडबड बहुतेक वेळा दिवसाच्या शेवटच्या तासात पकडता येते किंवा कायमची निसटते. गल्ला कमी भरला तर कोण सही करतं, किती फरक चालतो, रद्द केलेली बिलं कोण तपासतं, रोकड बँकेत जाईपर्यंत कुठे असते, कुलपाच्या किल्ल्या किती आणि कोणाकडे, हे प्रत्यक्ष बघून टिपा. मॅन्युअलमध्ये यावर अर्धं पान असेल. दुकानात त्याची एक घट्ट सवय बनलेली असते, आणि ती सवय उचलायची आहे.

ट्रेनरइतकंच तिथल्या जुन्या कामगारांना विचारा. ‘नवीन माणूस इथे काय चुकतो?’ हा एक प्रश्न प्रत्येक कामावर विचारायचा. त्यांची उत्तरं छोटी आणि नेमकी असतात. वहीच्या ‘बिघडलं तर’ भागात ती जशीच्या तशी लिहा.

मोजायचंही असतं. एक ऑर्डर पूर्ण व्हायला, एक ग्राहक निघायला, एक यंत्र साफ करायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून लिहा. मात्र लक्षात ठेवा की ट्रेनिंगचं दुकान सहसा कंपनीच्या चांगल्या दुकानांपैकी असतं आणि तिथली माणसं मुरलेली असतात. तुमच्याकडे पहिल्या दिवशी सगळेच नवे असतील. तिथे जे काम चार मिनिटांत होतं त्याला सुरुवातीला आठ मिनिटं धरून माणसांचं वेळापत्रक करा. चार मिनिटं धरून केलेलं वेळापत्रक पहिल्याच गर्दीत कोलमडतं, आणि दोष कष्टाळू पोरांवर जातो.

तपासा: यंत्र बंद पडलं असं समजून ट्रेनरला सराव घ्यायला सांगितला का? इंटरनेट नसताना बिल कसं करायचं? कार्ड चालत नसेल तर? दोन माणसं एकाच वेळी गैरहजर असतील तर कोणती कामं थांबवायची? उत्तर तोंडी घेऊ नका. करून बघा.

७. आकडे: ट्रेनर थांबतो तिथून पुढे

हिशोबाचं सत्र बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअरभोवती फिरतं: कोणतं बटण दाबलं की कोणता अहवाल येतो. अहवाल वाचून उद्या काय बदलायचं हे क्वचितच शिकवलं जातं. तो भाग मागून घ्या.

पहिली गोष्ट: रॉयल्टी, म्हणजे नाव आणि पद्धत वापरण्याबद्दल कंपनीला नियमित द्यायची रक्कम, बहुतेक करारांत विक्रीवर असते, नफ्यावर नसते. तोटा झाला तरी ती द्यावी लागते. ब्रँडच्या जाहिरातींसाठी कंपनीकडे भरायच्या जाहिरात निधीचंही तसंच. समजा महिन्याची विक्री १०० धरली. माल ३२, पगार २५, भाडं १२, रॉयल्टी ६, जाहिरात निधी २, वीज आणि इतर खर्च ८. एकूण ८५. उरले १५, आणि कर्जाचा हप्ता यातूनच द्यायचा आहे.

आता तुम्ही सरसकट १० टक्के सवलत दिलीत आणि ग्राहक तेवढेच राहिले. विक्री ९०. माल तेवढाच गेला, ३२. पगार, भाडं, वीज तसंच. रॉयल्टी आणि निधी मिळून ७.२. एकूण खर्च ८४.२ आणि उरले ५.८. दहा टक्क्यांच्या सवलतीत नफ्याचा ६० टक्क्यांहून अधिक भाग गेला. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे आकडे घालून हेच गणित ट्रेनिंगच्या ठिकाणी, हिशोब शिकवणाऱ्यासमोर करा.

दुसरी गोष्ट: किती विक्रीला दुकान स्वतःचा खर्च भागवतं? वरच्याच उदाहरणात पगार, भाडं आणि इतर मिळून ४५ हा खर्च विक्री झाली नाही तरी होणारच. प्रत्येक १०० च्या विक्रीतून माल, रॉयल्टी आणि निधी वजा जाता ६० उरतात. ४५ ला ०.६० ने भागा: ७५. म्हणजे अपेक्षित विक्रीच्या तीन चतुर्थांशावर नफा शून्य, आणि हप्ता अजून बाकीच. हा आकडा काढून त्याला महिन्यातल्या दिवसांनी भागा. रोज संध्याकाळी गल्ला मोजताना ज्याच्याशी तुलना करायची तो आकडा हा.

तिसरी गोष्ट मालाची. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा शेवटचा साठा, म्हणजे प्रत्यक्षात वापरलेला माल. सॉफ्टवेअर विक्रीवरून सांगतं की किती वापरला जायला हवा होता. दोन्हींतला फरक म्हणजे नासाडी, चुकीचं माप, चोरी किंवा चुकीची नोंद. ट्रेनिंगच्या दुकानात हा फरक किती असतो आणि किती झाला की मॅनेजर शोध घ्यायला लागतो, हे विचारा.

इशारा: ‘माझ्या दुकानाची विक्री किती होईल?’ हे ट्रेनरला विचारू नका आणि त्याने सहज सांगितलेल्या आकड्यावर कर्ज काढू नका. तो पद्धत शिकवायला आहे. विक्रीचे दावे कंपनीकडून लेखीच घ्यावेत.

८. शेवटची परीक्षा आणि सही

परीक्षेला घाबरण्यासारखं काही नसतं. जास्त लक्ष द्यायचं ते नंतर समोर येणाऱ्या कागदाकडे, ज्यावर ‘मला सर्व विषयांचं ट्रेनिंग मिळालं’ असं छापलेलं असतं. दमलेला, घरी जायच्या घाईत असलेला माणूस त्यावर डोळे झाकून सही करतो. पुढे कधी वाद झाला तर कंपनी पहिल्यांदा हाच कागद काढते.

पहिल्या पायरीतला तक्ता काढा. ओळीने मिळवा. जे झालं नाही त्यापुढे ‘राहिलं’ असं लिहा आणि ते कधी पूर्ण होणार त्याची तारीख घाला. ट्रेनर सहसा नाराज होत नाही. उलट राहिलेला भाग उद्घाटनाच्या टीमकडून करून घ्यायची सोय तोच करून देतो. तुमच्याकडे एक प्रत ठेवा.

९. परत आल्यावर: स्टाफला शिकवणं

इथे तुम्ही विद्यार्थ्याचे शिक्षक होता, आणि यासाठी फार थोड्या कंपन्या मालकाला तयार करतात. सर्वसाधारण चूक अशी: सगळ्यांना एकत्र बसवून दोन दिवस मॅन्युअल वाचून दाखवायचं. कोणाच्याच हाती काही लागत नाही.

मला चार पावलांची जुनी पद्धत अजून सगळ्यात उपयोगी वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत एकदम भरती झालेल्या नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा सरकारी कार्यक्रम १९४० ते १९४५ दरम्यान चालला. त्यातली शिकवण्याची पावलं ही: माणसाला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. करून दाखवताना फक्त तीन गोष्टी बोलायच्या: पायरी कोणती, तिच्यातली खुबी कोणती, आणि ती तशीच का. करून घेताना त्यालाही हे तिन्ही बोलून दाखवायला सांगायचं. ‘का’ सांगता आलं नाही तर काम अजून शिकून झालेलं नाही.

क्रम: आधी मॅनेजर. मग दोन हुशार माणसं. मग या तिघांनी बाकीच्यांना शिकवायचं आणि तुम्ही बघायचं. भिंतीवर एक तक्ता लावा: उभी नावं, आडवी कामं. माणूस ते काम एकट्याने करू लागला की चौकोन भरायचा. एखादं काम एकाच माणसाला येत असेल तर ते डोळ्यांसमोर दिसतं, आणि तो आजारी पडण्याआधी दुसरा तयार करता येतो.

उद्घाटनाआधी निदान दोन दिवस रंगीत तालीम करा. ओळखीच्या माणसांना ग्राहक म्हणून बोलवा. त्यातल्या काहींना आधीच सांगून ठेवा: एकाने माल परत करायचा, एकाने चुकीचं बिल म्हणून वाद घालायचा, एकाने एकदम मोठी ऑर्डर द्यायची. मध्येच एक यंत्र बंद करा. संध्याकाळी सगळ्यांना बसवून काय अडलं ते विचारा. कोणालाही रागावू नका, कारण या दिवसांत चूक लपवायची सवय लागली तर ती पुढे मोडता येत नाही.

तपासा: मालक हजर नसताना दुकान एक संपूर्ण शिफ्ट चाललं का? तालमीतच हे करून पाहा.

१०. कंपनीची टीम आल्यावर

उद्घाटनाला कंपनीची माणसं येतात. ती तयार असतात, भरभर हात चालवतात, आणि दुकान पहिले काही दिवस सुरेख चालतं. मालक दाराशी उभा राहून पाहुण्यांचं स्वागत करतो. टीम जाते आणि दुसऱ्याच दिवशी रांग अडते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की पहिल्या सकाळी टीमच्या प्रमुखाला बाजूला घेऊन एकच विनंती करतो: तुमच्या माणसांनी मागे उभं राहावं, हात आमच्या पोरांचा चालावा. गर्दी फारच झाली तर मदत करा, नाहीतर बोलून सांगा.

टीमचे दिवसही वाटून घेता येतात. पाच दिवस मिळणार असतील तर तीन उद्घाटनाला आणि उरलेले दोन दिवस तीन-चार आठवड्यांनी मागून बघा. उद्घाटनाच्या वेळी काय विचारायचं हेच कळत नसतं. महिन्याभराने प्रश्न पक्के झालेले असतात आणि त्या दोन दिवसांची किंमत कितीतरी पट होते. सगळ्याच कंपन्या मानत नाहीत, पण विचारल्याशिवाय तर कोणीच देत नाही.

रोज दुकान बंद झाल्यावर टीमसोबत पंधरा मिनिटं बसा. आज काय अडलं, कोणाला कोणतं काम पुन्हा शिकवायचं, स्टॉकमधला फरक किती. पाहुणे, फोटो, अभिनंदनाचे फोन यांत ही पंधरा मिनिटं पहिली बळी जातात. ती धरून ठेवा.

टीम गेल्यावर तिसाव्या दिवशी वही काढा आणि ‘उरलेले प्रश्न’ हा भाग उघडा. जे खोडलेले नाहीत ते एका ईमेलमध्ये क्रमांक घालून तुमचा भाग बघणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याला पाठवा आणि त्याच्या पुढच्या भेटीची तारीख मागा. त्याच ईमेलमध्ये मॅनेजरच्या जागी उद्या दुसरा माणूस घ्यावा लागला तर पुढची ट्रेनिंगची बॅच कधी आहे तेही विचारून ठेवा. ते उत्तर बहुधा तुम्हाला वाटतं त्याच्या कितीतरी आधी लागतं.